दुसऱ्याच्या तुपाची नानकटाई

मी काही वर्षं बेकरीत काम केलं असं सांगितलं की समोरचं माणूस हमखास म्हणतं, "अय्या, किती छान वास येत असेल ना." येतो. पहिला आठवडा येतो, मग नाक मरतं आणि कंबर बोलायला लागते. पण लोकांना ते ऐकायचं नसतं. त्यांना बायकांनी मिळून काही केलं की कौतुक करायचं असतं. एकदा कॉलेजातल्या दोन मुली माझ्याकडे आल्या होत्या, त्यांना 'महिलांची एकजूट' या विषयावर काहीतरी लिहायचं होतं. मी त्यांना पोहे खाऊ घातले आणि बेकरीवाल्या भाभीचा फोन नंबर दिला. "तुम्ही काम का सोडलंत?" असं त्यांनी जाता जाता विचारलंच. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे माझे ठणठणीत आहेत. रोज पंचवटीतून निघून पूल ओलांडून गावात जाते आणि भाजी घेऊन चालत परत येते.

फक्त भद्रकालीतल्या त्या बोळावरून जात नाही. थोडा वळसा पडतो, पडू दे.

बोळात पावाची जुनी बेकरी आहे, लाकडावर चालणारी. पहाटे पाव, संध्याकाळी पुन्हा पाव, आणि मधली दुपार भट्टी नुसती तापलेली. त्या दुपारी दिवाळीच्या आणि ईदच्या आधी घरोघरच्या बायका आपापला रवा, मैदा, साखर, तूप घेऊन तिथे यायच्या. बोळात फतकल मारून बसायचं, परातीत तूप-साखर फेसायची, नानकटाया वळायच्या, पत्र्यावर मांडायच्या आणि भट्टीत द्यायच्या. दहा घरांचे पत्रे एकाच वेळी आत. बाहेर आल्यावर आपला ओळखायचा कसा? त्यासाठी प्रत्येकीची खूण असायची. पत्र्याच्या कोपऱ्यातल्या नानकटाईवर कुणी लवंग टोचायची, कुणी हरभऱ्याची डाळ, कुणी वेलदोड्याचा दाणा. माझ्या सासूबाईंची खूण बडीशेप होती आणि ती दुसऱ्या कुणी घेतली तर त्या भांडायला उठायच्या.

बेकरीवाल्या चाचांची बायको, म्हणजे आमची भाभी, त्या दुपारी भट्टीच्या तोंडाशी असायची. लांब दांड्याच्या फावड्याने पत्रे आत सरकवायचे, फिरवायचे, काढायचे. आच बघायला ती चिमूटभर मैदा आत टाकायची आणि तो किती लवकर रंग बदलतो ते बघायची. बोलायची कमी. मी दरवर्षी रांगेत असायचे, त्यामुळे चांगली ओळख झाली होती.

मग बायका यायच्या कमी झाल्या. कुणाला नोकरी, कुणाला कंटाळा, कुणाच्या घरात विजेचा ओव्हन. पण घरच्या तुपाचीच नानकटाई पाहिजे हा हट्ट मात्र सुटला नव्हता. भाभीने डोकं चालवलं. लोकांनी साहित्य आणून ठेवायचं, तयार डबे घेऊन जायचे. तिने मला विचारलं, "ताई, तुमचा हात तुपात चांगला चालतो. येता का दुपारच्या वख्ताला?" सातपूरची माझ्या नवऱ्याची कंपनी नुकतीच बंद पडली होती. दुपारी त्यांचा पडलेला चेहरा बघत बसण्यापेक्षा तूप फेसलेलं बरं, असा मी विचार केला. खोटं कशाला बोलू, पैशाचीही गरज होती.

आणि समोरच्या दारातल्या वहिनींना मीच घेऊन गेले. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर वहिनी बेकरीत कशा आल्या ते कुणाला आठवेनासं झालं. वहिनी येवल्याकडच्या. लग्न होऊन आमच्या बिल्डिंगमध्ये आल्या तेव्हापासून त्यांचं दार आणि माझं दार एकमेकांकडे बघतंय. त्यांची एकुलती एक मुलगी माझ्याच घरात वाढली म्हटलं तरी चालेल. शाळेतून आली की आईच्या घराला कुलूप असो नसो, दप्तर माझ्या सोफ्यावर. तिच्या दोन वेण्या मी घालायचे, कारण वहिनींनी घातलेली वेणी दुपारपर्यंत सुटायची.

तर आम्ही तिघी. तूप फेसायचं काम माझं. तळहाताच्या मुळाने परातीत रगडत राहायचं, तूप पांढरंशुभ्र, हलकं होईपर्यंत. वहिनी मळायच्या, वळायच्या, पत्र्यावर मांडायच्या. भट्टी भाभीची. एकीचा हात थांबला की दोघी अडतात, म्हणून आम्हाला एकमेकींच्या सवयी पाठ झाल्या होत्या. वहिनी बोलायला लागल्या की त्यांचा हात मंद होतो, भाभीचं डोकं दुखायला लागलं की ती पत्रे जोरात सरकवते, मी चिडले की साखर सांडते. चहा भाभीच्या घरून यायचा. रमजानात ती चहा घ्यायची नाही, तरी आमचा पाठवायची, आणि आम्ही तो तिच्याकडे पाठ करून प्यायचो. ते दिवस चांगले होते. आता कितीही राग असला तरी एवढं कबूल करायला पाहिजे.

पहिल्याच वर्षी एक पत्रा जळला आणि आमच्यात असं काही वाजलं की चाचा घरातून उठून बाहेर आले. वहिनी म्हणाल्या, भाभीचं लक्ष नव्हतं. भाभी म्हणाली, वहिनींनी पातळ थापल्या. दोघीही रडल्या. दुसऱ्या दिवशी मी नियम घातला. काही जळलं, सांडलं, बिघडलं तर कुणामुळे ते विचारायचं नाही. जळलं ते तिघींचं. गिऱ्हाइकाला सरळ सांगायचं की आमच्या हातून बिघडलं, आणि तिघींनी मिळून भरून द्यायचं. भाभीला तो नियम फार आवडला. वहिनींनी तर माझा हातच धरला. मला वाटलं, मी मोठं शहाणपणाचं काम केलं.

आता त्या दिवाळीचं सांगते.

गंगापूर रोडला बंगला असलेल्या एक बाई दरवर्षी साहित्य द्यायच्या. निफाडकडे त्यांची शेती, घरच्या गाईंचं तूप. तसं तूप मी दुसरं पाहिलं नाही. रवाळ, पिवळसर, डबा उघडला की बोळातल्या मांजरी गोळा व्हायच्या. त्या वर्षी बाईंच्या लेकीचा दिवाळसण होता, जावई यायचे होते, म्हणून डबा जास्तच मोठा होता. बाईंची खूण चारोळी. आणखी एक गोष्ट होती. बाईंच्या बहिणीच्या मुलासाठी वहिनींच्या मुलीचा विषय निघाला होता, आणि तो बाईंनीच काढला होता. डबा घ्यायला येताना-जाताना त्यांनी मुलीला पाहिलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. बाई एकदा सहज म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे माणूस साधं चालेल, पण हाताला वळण पाहिजे." त्या दिवसापासून वहिनी त्यांच्यासमोर श्वाससुद्धा वळण लावून घ्यायच्या.

त्या दुपारी बाईंचं सगळं तूप मी फेसून दिलं आणि शरणपूर रोडला एका ठिकाणी डबे पोचवायला गेले. परत आले तेव्हा नमाजाला घरात गेलेली भाभी अजून आली नव्हती आणि भट्टीपाशी एकट्या वहिनी होत्या. बोळात शिरतानाच मला जळकट वास आला. जळलेलं साजूक तूप आणि जळलेलं वनस्पती तूप यांचा वास वेगळा असतो, इतकी वर्षं परातीत हात घातल्यावर तेवढं कळतं. हा साजूक तुपाचा होता. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण भट्टीपाशी तो सगळ्यांचाच होतो. मी विचारलं नाही. नियम माझाच होता.

दोन दिवसांनी बाई डबा घेऊन परत आल्या. दिवाळी तोंडावर, बोळात गिऱ्हाइकं उभी. बाईंनी डब्याचं झाकण काढलं आणि एक नानकटाई हातावर धरली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाल्या, "खूण माझी आहे, तूप माझं नाही. हे वनस्पती आहे. माझ्या जावयाने एक खाल्ली आणि दुसरी घेतली नाही."

भाभीने एक नानकटाई मोडून वास घेतला आणि तिला कळलं. तिने नियमाप्रमाणे केलं. "बाई, आमच्या हातून बिघडलं. आम्ही भरून देऊ."

"बिघडलं म्हणजे? जळलं असेल तर जळलेल्या दाखवा. तूप कुठे गेलं माझं?"

जळलेल्या नव्हत्याच. एरवी जळलेल्या आम्ही वाटून घरी न्यायचो, चहात बुडवून खायचो. या वेळी त्या कुठे गेल्या होत्या ते भट्टीला आणि वहिनींना माहीत. मी वहिनींकडे पाहिलं. त्या वळत होत्या. एक वळली, मांडली. दुसरी वळली, मांडली. बोलायला लागल्या की त्यांचा हात मंद होतो म्हणाले ना, त्या दिवशी हात भराभर चालला होता.

"तूप कुणाच्या हातात असतं?" बाईंनी विचारलं.

"माझ्या," मी म्हणाले.

चोर असा शब्द कुणी उच्चारला नाही. सुशिक्षित माणसं उच्चारत नाहीत, फक्त पुढचं वाक्य अर्धं सोडतात. बाई म्हणाल्या, "म्हणजे बघा हं, मी काही म्हणत नाही, पण..." आणि त्यांची नजर खिळ्याला टांगलेल्या माझ्या पिशवीवर गेली.

मला वाटलं, आता. आता वहिनी बोलतील. बाजूला घेऊन सांगतील, कानात सांगतील, कसंही सांगतील. वहिनींनी हात पदराला पुसले आणि खरंच बोलल्या.

"ताई, दाखवून टाका ना पिशवी. म्हणजे संशय नको कुणाला."

मी पिशवी काढली आणि मैद्याच्या पोत्यावर उपडी केली. छत्री, चष्म्याचं घर, अर्धी कोथिंबिरीची जुडी, नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या. लोकांनी ते सगळं नीट पाहून घेतलं. पिशवीत तूप नाही म्हणजे घरी पोचलं, इतकाच त्याचा अर्थ झाला. मी एकेक वस्तू परत भरली.

तुम्ही म्हणाल, तुला तोंड नव्हतं का? होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या तोंडाला पाणीवाला घाबरतो. पण काय सांगायचं होतं? मला वास आला होता, एवढंच. आणि दुसरं म्हणजे ती मुलगी. येत्या रविवारी तिला बघायला येणार होते. आईने तूप जाळून वर फसवलं, हे त्या बाईंसमोर मी बोलले असते तर रविवार तिथेच संपला असता. वहिनींनीच ते बोलायला हवं होतं, वेळ बघून, शब्द निवडून. मी वाट पाहायची ठरवली. मी गाढव.

धनत्रयोदशीच्या दुपारी वहिनी चकल्यांचं ताट घेऊन माझ्याकडे आल्या आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडल्या. भाभी नमाजाला गेली, मुलीचा फोन आला, बोलण्यात भान राहिलं नाही, बाईंचे तिन्ही पत्रे काळे. "लय घाबरले वो ताई मी. म्हटलं, त्यांचंच तूप, त्यांचाच भाचा. काय म्हणतील, हिची पोर करायची का? मग बेकरीच्या सामानातलं वनस्पती घेतलं अन् भराभर केल्या. वर चारोळी लावली."

"आणि पिशवी?" मी विचारलं.

"माझ्या तोंडातनं निघून गेलं. मला वाटलं, पिशवीत काय नाय म्हटल्यावर मिटंल." मग त्यांनी माझे हात धरले. "पोरीचं ठरू द्या. साखरपुडा झाला की मी सोताच्या तोंडानं सांगते त्यांना. दुसरं कुणी असतं तर माझी हिंमत झाली नसती, पण तुम्ही समजून घेता."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय. सासरी ऐकलं, भावांकडून वाटणीच्या वेळी ऐकलं. चार माणसं मिळून काही करतात तेव्हा त्यातलं एक माणूस समजून घेणारं असतं, आणि बाकीच्यांचं चांगलं जमतं ते त्याच्या जिवावर. लोक त्याला एकजूट म्हणतात. मी चकल्या ठेवून घेतल्या. नवऱ्याला सांगितलं नाही, नाहीतर ते समोरच्या दारात जाऊन उभे राहिले असते.

बेकरीत मात्र थांबायला कुणाला वेळ नव्हता. गिऱ्हाइकं डबा देताना हळूच विचारायला लागली, "तूप कोण फेसणार?" एकीने तर खुर्ची मागितली आणि माझ्यासमोर तूप संपेपर्यंत बसून राहिली. भाभी तीन-चार दिवस बघत होती. मग म्हणाली, "ताई, थोडे दिन डबे भरायचं बघता का? लोगों का मुँह कौन बंद करेगा?" तिचा नाइलाज मला दिसत होता. चाचांची पाठ गेलेली, पावाचा धंदा तोट्यात, दुपारच्या कामावरच घर चाललेलं. तरी मी तिला विचारलं, "भाभी, तुला काय वाटतं, मी नेलं?"

तिने भट्टीतला पत्रा फिरवला. "मला सगळं माहितीये, ताई. राख मीच काढते ना. त्यात साखर जळून घट्ट झालेली होती." मग म्हणाली, "पण विचारायचं नाही, बोलायचं नाही, हे ठरलं होतं ना आपलं. मी नियम मोडला तर दुसरीपण जाईल. दोघी गेल्या तर मी काय करू?"

हिशोब बरोबर होता. मी हात धुतले, पिशवी घेतली आणि पुलावरून घरी आले. परत गेले नाही.

साखरपुडा झाला. मी वाट पाहिली. वहिनी म्हणाल्या, आता लग्न पार पडू द्या, ऐनवेळी बिब्बा नको. वैशाखात लग्न झालं. मुलीच्या हळदीला मी होते, तिचा शालू मीच नेसवला, कारण तिला दुसऱ्या कुणाच्या हातून नको होता. जेवणाच्या मंडपात बंगल्यातल्या बाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिथून नुसती पुढे जात होते. त्यांनी खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि माझ्याकडे बघून छान हसल्या. वहिनींनी ते पाहिलं. पाहिलं आणि पंगतीत जिलबी वाढायला निघून गेल्या.

पावसाळ्यात मी एकदा जिन्यात त्यांना अडवलं. स्पष्ट विचारलं, "कधी सांगणार?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जशी काही मीच त्यांच्याकडे काही वाईट मागते आहे. "ताई, आता कसं सांगू वो? आता पोर नांदतीये तिकडं. तिला बोलणी बसतील जल्माची." वाट पाहता पाहता मीच सगळी दारं बंद होऊ दिली होती. आता बोलले असते तर त्या पोरीला टोमणे बसले असते, वहिनींचं काय व्हायचं ते होवो. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. समोरचं दार उघडलं की मी माझं लावून घेते. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटतं, बेकरीतून काढल्याचा राग आहे.

गेल्या दिवाळीत मुलगी माहेरी आली. आधी माझ्याकडेच आली, सासरच्या मिठाईचा डबा घेऊन. अंगाने भरली होती, गळ्यात नवं मंगळसूत्र, केस मोकळे. सोफ्यावर पाय वर घेऊन बसली तशीच, जशी शाळेतून आल्यावर बसायची. नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, नव्या गॅसच्या शेगडीबद्दल खूप बोलली. मला इतकं बरं वाटत होतं की मी चहा दोनदा केला. मग ती सरकून जवळ आली.

"मावशी, एक बोलू? राग मानायचा नाही. तिकडे तुमचा विषय निघाला होता. तुपाचा. सासूबाई, त्यांच्या बहीण, सगळे होते. काय काय बोलत होते." "पण मी गप्प नाही बसले हं. नवीन असून बोलले. म्हटलं, आमच्या मावशी तशा नाहीत. तेव्हा काकांची नोकरी गेली होती, घरात ओढाताण होती, सणाचे दिवस. गेला असेल एखाद्या वेळी हात. माणूसच आहे. तेवढ्यावरून कुणाला वाईट ठरवू नये."

ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी आणि मान ताठ. माझ्यासाठी सासरच्या माणसांसमोर उभी राहिली होती, आणि खरंच राहिली होती. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर खाली मान घालून पोळ्या लाटत बसली असती. समोरच्या दारातून वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"मला तुमच्याकडून काही ऐकायचं नाही, मावशी. मी समजू शकते. फक्त आईला सांगू नका मी हे बोलले म्हणून. तिला फार वाईट वाटेल."

"नाही सांगत," मी म्हणाले.